कुत्र्याच्या मनातील आंघोळीची भीती

पावसाच्या पहिल्या सरींत अंगणातल्या डबक्यात लोळणारा, गंगापूर धरणाच्या फुगवट्यात फेकलेल्या काठीमागे पोहत जाणारा कुत्रा घरी न्हाणीघराचा दिवा लागताच पलंगाखाली जाऊन बसतो, हा अनुभव नाशिकमधील अनेक श्वानपालकांच्या परिचयाचा आहे. दर बारा वर्षांनी ज्या शहरात लाखो लोक केवळ स्नानासाठी येतात, त्याच शहरातील या प्राण्याला स्नानाचे पुण्य नकोसे व्हावे, यात गंमत आहे खरी. परंतु पलंगाखालून त्याला ओढून काढताना मनगटाला दात लागला की ती गंमत संपते. त्यानंतर घरातील माणसे कुत्र्याला हात लावायला बिचकू लागतात, आंघोळ महिनोन् महिने टळते आणि दाट केसांखाली वाढलेल्या गोचिडी किंवा चिघळलेले चट्टे फार उशिरा ध्यानात येतात. एर्लिकिओसिस व बबेसिओसिस हे कुत्र्यांचे रक्ताचे गंभीर आजार गोचिडींमार्फतच पसरतात. वास येतो म्हणून घरात वावरणारा कुत्रा आधी गॅलरीत, मग गच्चीवर आणि अखेरीस वाहनतळावरील साखळीशी जाऊन पोहोचतो. आंघोळीच्या भीतीचा प्रश्न त्यामुळे वरवर दिसतो तितका किरकोळ नाही.

ही भीती म्हणजे कुत्र्याचा हट्ट किंवा खोडसाळपणा, असा समज सर्वत्र आढळतो. हट्टावर उपाय म्हणून जबरदस्ती केली जाते आणि जबरदस्तीमुळे भीती आणखी पक्की होते. वस्तुतः कुत्रा ही भीती टप्प्याटप्प्याने शिकलेला असतो. आणि जे टप्प्याटप्प्याने शिकले गेले, ते त्याच पद्धतीने विसरायला लावता येते.

भीती नेमकी कशाची?

डबक्यात लोळणारा कुत्रा पाण्याला घाबरत नाही, हे उघड आहे. तो घाबरतो ते आंघोळीच्या एकंदर प्रसंगाला, आणि हा प्रसंग अनेक लहान-लहान गोष्टींचा बनलेला असतो. ओली, गुळगुळीत फरशी ही त्यांतील पहिली. सदनिकांमधील न्हाणीघरांच्या चकचकीत फरशीवर कुत्र्याच्या नखांना पकड मिळत नाही, पाय चहूकडे फाकतात आणि पडण्याच्या धास्तीने तो अंग आखडून घेतो. वयस्कर किंवा कंबरेच्या सांध्यांचा विकार असलेल्या कुत्र्याला त्याने प्रत्यक्ष वेदनाही होतात. दुसरी गोष्ट आवाजाची. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्याच्या कानाची मर्यादा पंचेचाळीस हजार हर्ट्झच्या आसपास जाते. बंद, फरशी लावलेल्या खोलीत बादलीत पडणाऱ्या धारेचा, कडीच्या खणखणाटाचा आणि तोटीच्या शिट्टीसारख्या आवाजाचा जो कल्लोळ उठतो, तो आपल्याला जाणवतो त्याहून त्याला कितीतरी तीव्र असतो. तिसरी गोष्ट बंद दाराची. पळण्याची वाट मिटली की भेदरलेल्या प्राण्यापुढे दोनच मार्ग उरतात: थिजून राहणे किंवा चावणे.

यांखेरीज आपल्याकडची स्नानाची रीतही कुत्र्याच्या मुळावर येते. पहिला तांब्या डोक्यावर ओतायचा, ही माणसांची सवय. तीच कुत्र्यावर वापरली की पाणी थेट डोळ्यांत, नाकात आणि कानांत शिरते. कानात पाणी राहून दाह झाला, तर त्या आंघोळीची आठवण पुढे आठवडाभर कानात ठसठसत राहते.

रस्त्यावरून घरी आणलेल्या गावठी कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दुकानाच्या पायरीवरून, चहाच्या टपरीवरून, सोसायटीच्या फाटकातून कुत्र्याला हुसकावण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे अंगावर पाणी फेकणे. अशा कुत्र्याच्या आयुष्यात तांब्या हातात घेऊन जवळ येणारा माणूस ही धोक्याची खूण असते. त्याला दत्तक घेणाऱ्या कुटुंबाने किती प्रेमाने पाणी कोमट केले आहे, हे कळण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते. त्याची भीती अवाजवी नाही. ती त्याच्या पूर्वायुष्यात पुरेपूर वाजवी होती.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख करायला हवा. पाण्याला घाबरतो म्हणजे कुत्रा पिसाळला, असे अजूनही मानले जाते. रेबीजमधील जलसंत्रास हे प्रामुख्याने माणसांत दिसणारे लक्षण आहे. पिसाळलेल्या कुत्र्याला घशाचे स्नायू लुळे पडल्याने गिळता येत नाही, पण तो पाण्याच्या दर्शनाने माणसासारखा भेदरत नाही. आंघोळ टाळणारा, एरवी खेळणारा-खाणारा कुत्रा आणि पिसाळलेला कुत्रा यांची गल्लत करण्याचे कारण नाही. मात्र रेबीजची लस वेळच्या वेळी टोचलेली असावी, आणि कुत्र्याची वागणूक अचानक बदलली, तो विनाकारण चावू लागला किंवा लाळ गाळू लागला, तर त्याला हात न लावता पशुवैद्यकांना कळवावे.

लेनिनग्राडचा पूर आणि दाराखालचा ओहोळ

पाण्याची भीती कुत्र्याच्या मनात किती खोल रुजू शकते, याचा एक दाखला विज्ञानाच्या इतिहासात नोंदलेला आहे. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९-१९३६) यांचे कुत्र्यांच्या लाळेवरील प्रयोग शालेय पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक असतात. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राड शहरात नेवा नदीचा महापूर शिरला. गोदावरीच्या पुराची उंची दुतोंड्या मारुतीवरून मोजणाऱ्या नाशिककरांना असा प्रसंग कल्पनेने उभा करणे अवघड नाही. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत अडकून पडली. पाणी चढत गेले तशी ती छताच्या दिशेने पोहत राहिली. पिंजऱ्यांची दारे खालच्या बाजूस असल्याने त्यांना वाचवण्यासाठी पाण्याखाली दाबून बाहेर काढावे लागले. कुत्री जगली, पण त्यांतील काहींनी महिनोन् महिने शिकलेले सर्व काही त्या एका प्रसंगानंतर विसरून टाकले. कित्येक दिवसांच्या प्रयत्नांनी एक कुत्रा पूर्वपदावर आला. तेव्हा प्रयोग म्हणून खोलीच्या दाराखालून पाण्याचा बारीकसा ओहोळ आत सोडण्यात आला. कुत्रा कासावीस झाला, धापा टाकू लागला आणि त्याच्या शिकलेल्या प्रतिक्रिया पुन्हा नाहीशा झाल्या.

घरच्या आंघोळीची तुलना महापुराशी करणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि यंत्रणा तीच आहे. भीती निवळली तरी पुसली जात नाही. तिच्यावर नव्या, सुखद अनुभवांचा थर चढतो, आणि एखादा वाईट प्रसंग तो थर खरवडून काढू शकतो. चार महिने नीट चाललेल्या आंघोळीनंतर एकदा फेस डोळ्यांत गेला म्हणून कुत्रा पुन्हा पलंगाखाली गेला, तर त्यात नवल नाही आणि निराश होण्याचेही कारण नाही. दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची असते.

योगायोग असा की, या भीतीवरील उपायाची पहिली नोंदही १९२४ सालचीच आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडता खाऊ देत असताना पिंजऱ्यातला ससा दुरून थोडा-थोडा जवळ आणला. ससा किती जवळ आणायचा, हे मुलाच्या चेहऱ्यावरून ठरत होते. काही काळाने पीटर सशाशी खेळू लागला. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी या पद्धतीला शास्त्रशुद्ध उपचाराचे रूप दिले. आज प्राण्यांच्या वर्तनाचे जाणकार कुत्र्यांसाठी सुचवतात तो उपाय याच वाटेने आलेला आहे.

गप्प उभा राहिलेला कुत्रा

‘आधी फार ओरडायचा, आता सवय झाली, गप्प उभा राहतो,’ असे वाक्य श्वानपालकांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. ते नेहमी खरे नसते. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत, विजेच्या धक्क्यातून सुटकेचा कोणताही मार्ग नसल्याचा अनुभव आलेली कुत्री नंतर मार्ग मोकळा असतानाही जागेवर पडून धक्के सोसत राहिली. आजच्या दृष्टीने ते प्रयोग क्रूर वाटतात आणि ते होतेही. परंतु हताशपणा व शांतपणा बाहेरून सारखेच दिसू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

फरक ओळखता येतो. निवांत कुत्र्याचे तोंड सैल, किंचित उघडे असते. शेपटी सहज लोंबते. खाऊ पुढे केला तर तो घेतो. घाबरलेला कुत्रा वारंवार ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, मान वळवून डोळ्यांच्या कडेने पाहतो तेव्हा बुबुळाभोवतीचा पांढरा भाग दिसतो. कान मागे जातात, शेपटी पोटाखाली जाते, उकाडा नसताना धाप लागते. सर्वांत भरवशाची खूण खाण्याची: एरवी ज्यावर तुटून पडतो तो पदार्थ तोंडाशी धरूनही कुत्रा नाकारत असेल, तर तो शिकण्याच्या मनःस्थितीत नाही आणि त्या दिवसाचा पाठ तिथेच थांबवावा. गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही शिक्षा करू नये. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे. ती दडपली की पुढच्या वेळी सूचना न देताच दात लागतो.

उलट्या क्रमाने शिकवणी

सुरुवातीला पशुवैद्यकांकडून कान, त्वचा आणि सांधे तपासून घ्यावेत. दुखण्यामुळे होणारा विरोध कोणत्याही शिकवणीने जात नाही. तपासणीत काही आढळले नाही, तर आंघोळ काही काळ पूर्ण बंद ठेवावी. हा सल्ला विचित्र वाटेल, पण एकीकडे हळूहळू विश्वास निर्माण करायचा आणि दुसरीकडे दर रविवारी ओढत नेऊन न्हाऊ घालायचे, हे दोन्ही एकाच वेळी जमत नाही. निरोगी, आखूड केसांच्या कुत्र्याला चार ते सहा आठवड्यांतून एकदा आंघोळ पुरते. मधल्या काळात रोज केस विंचरणे आणि ओल्या पंचाने अंग पुसणे एवढ्यावर भागते.

पहिला पाठ न्हाणीघराच्या दाराबाहेर होतो. दार उघडे, आतला नळ बंद, बादली नजरेआड. कुत्रा जिथे सहज बसेल, तिथे, मग ते दारापासून दहा पावले का असेना, त्याला त्याचा सर्वांत आवडता खाऊ द्यावा आणि दोन-तीन मिनिटांत निघून यावे. काही दिवसांत तो आपणहून उंबऱ्याजवळ येऊ लागतो. त्यानंतर आत, पण कोरड्या फरशीवर. फरशीवर रबरी चटई किंवा गोणपाट अंथरलेले असावे. अनेक कुत्र्यांची निम्मी भीती या एका गोणपाटानेच जाते. मग रिकामी बादली ठेवावी, कडीचा आवाज दुरून ऐकवावा, बाहेरच्या खोलीत खाऊ खाताना नळाची बारीक धार सुरू करावी. मग ओल्या हाताचा स्पर्श, ओला पंचा, पंजावर अर्धा तांब्या कोमट पाणी. प्रत्येक पायरीवर कुत्रा निवांत दिसेपर्यंत पुढची पायरी घेऊ नये. पाठ दिवसातून एक-दोनदा, पाच मिनिटांहून कमी. काही कुत्री दोन आठवड्यांत तयार होतात, काहींना दोन महिने लागतात; रस्त्यावरून आलेल्यांना त्याहूनही अधिक.

दार उघडे ठेवणे हा या शिकवणीचा गाभा आहे. निघून जाता येते हे कळलेला कुत्रा थांबायला शिकतो. गळ्यातील पट्टा धरून त्याला आत ओढू नये आणि आंघोळीसाठी ‘ये’ अशी हाकही मारू नये. ज्या हाकेनंतर अप्रिय प्रसंग येतो, ती हाक कुत्रा ऐकेनासा होतो, आणि उद्या गंगापूर रोडवरील वाहनांच्या गर्दीत नेमकी तीच हाक त्याचा जीव वाचवणार असते.

खाऊच्या निवडीत नाशिककरांनी थोडे जपायला हवे. जिल्ह्याची ओळख असलेली दोन्ही पिके कुत्र्यासाठी विषारी आहेत. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे मत अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये मांडले. ते आम्ल चिंचेतही भरपूर असते. किती द्राक्षे सुरक्षित, याचे खात्रीचे प्रमाण नाही, म्हणून एकही देऊ नये. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. त्यामुळे रश्श्यातील मटणाचा तुकडा धुऊन देणेही योग्य नाही. बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, उकडलेले अंडे, पनीरचे लहान तुकडे चालतात. घट्ट दही ताटलीला लिंपून ती भिंतीशी टेकवली, तर चाटण्यात कुत्रा गुंतून राहतो, आणि चाटण्याची क्रिया मुळातच त्याला शांत करणारी असते.

पिलांच्या बाबतीत हे सारे फार सोपे असते. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या सामाजिक जडणघडणीचा. या काळात ओला पंचा, कोरडे न्हाणीघर, पाण्याचा आवाज यांची खेळीमेळीत ओळख झाली, तर पुढची सारी यातायात बहुधा टळते. दुर्दैवाने नेमक्या याच वयात, वास येतो म्हणून, पिलाला बादलीत बुडवून काढले जाते.

प्रत्यक्ष आंघोळ

नाशिकच्या थंडीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. त्या दिवसांत सकाळची आंघोळ कुत्र्याला शिक्षाच होय. दुपारी, ऊन असलेली गच्ची किंवा अंगण मिळाले तर तेथे, सुरुवात करावी. मोकळ्या जागी आवाज घुमत नाही, हा जादा फायदा. कुत्र्याच्या शरीराचे तापमान आपल्याहून थोडे अधिक, साधारण साडेअडतीस ते एकोणचाळीस अंश सेल्सिअस असते. तरीही माणसाच्या आंघोळीचे कढत पाणी त्याला सोसत नाही. कोपर बुडवून पाहावे. ना गार ना गरम वाटले की ठीक. सौर बंबाचे पाणी आधी बादलीत काढून ठेवावे, म्हणजे तापमान एकाएकी बदलत नाही आणि तोटीचा आवाजही टळतो.

पाणी पंजांपासून वर, मागच्या बाजूकडून पुढे. तांब्या अंगाला टेकवून ओतला तर पाण्याचा मार बसत नाही. डोक्यावर पाणी ओतूच नये. चेहरा शेवटी, ओल्या फडक्याने पुसावा. माणसाचा शाम्पू किंवा साबण वापरू नये. माणसाच्या त्वचेचा आम्लधर्म अधिक, कुत्र्याची त्वचा उदासीनतेच्या जवळ. त्यामुळे आपली प्रसाधने त्याची त्वचा कोरडी करतात. जंतुनाशकाचे दोन थेंब पाण्यात टाकण्याची पद्धतही सोडून द्यावी. ते तो चाटणार असतो. गोचिडींवरील औषधी द्रावण केवळ पशुवैद्यकांनी सांगितलेल्या प्रमाणात वापरावे, आणि घरात मांजर असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण कुत्र्यासाठी असलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजराचा जीव घेऊ शकते. आंघोळ घालणारा माणूस शक्यतो एकच असावा. भोवती उभे राहून ‘धर, धर’ म्हणणारी मंडळी बाहेरच बरी.

दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे हौसेने कुत्र्यालाही अभ्यंगस्नान घातले जाते. बाहेर फटाके फुटत असताना अंगावर पडलेले पाणी पुढे कायमचे त्या आवाजाशी जोडले जाते; ही हौस टाळलेली बरी.

शिकवणी पूर्ण होण्याआधीच आंघोळ अटळ ठरण्याचे प्रसंगही येतात. नाशिकमध्ये रंग खेळला जातो तो रंगपंचमीला, आणि जुन्या नाशकातील रहाडींचा उत्साह गल्लीतल्या कुत्र्यांच्या अंगावरही उतरतो. रंग चाटून पोटात जाऊ नये म्हणून तो तत्काळ काढावा लागतो. अशा वेळी आधी कोरडा रंग झटकून, विंचरून काढावा. मग नेहमीच्या न्हाणीघरात न नेता अन्य जागी, ओल्या पंचांनी जेवढे निघेल तेवढे काढावे, म्हणजे शिकवणीची जागा तरी खराब होत नाही. चावण्याची शक्यता असलेल्या कुत्र्याला जाळीदार मुसके घालावे. ते घालून घेण्याची सवय आधीच खाऊ देऊन लावलेली असावी. तोंडाला दोरी किंवा ओढणी गुंडाळणे धोक्याचे आहे, कारण कुत्रा उघड्या तोंडाने धापा टाकून शरीराची उष्णता बाहेर टाकतो. भीती इतकी तीव्र असेल की कुत्रा थरथरतो, लघवी करतो किंवा स्वतःला इजा करून घेतो, तर पशुवैद्यक तात्पुरते भीतिशामक औषध देऊ शकतात. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मनाने देण्याचा प्रयोग करू नये.

अंग पुसताना घासण्यापेक्षा पंचा दाबून पाणी टिपावे. केस वाळवण्याचे विजेचे यंत्र ही अनेक कुत्र्यांसाठी आंघोळीहून मोठी धास्ती असते आणि तिची शिकवणी वेगळी करावी लागते. उन्हाळ्यात तर त्याची गरजही नसते. पंचा हातात घेण्यापूर्वी एक पाऊल मागे सरून कुत्र्याला अंग झटकू द्यावे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार लॅब्रेडॉर जातीचा कुत्रा सेकंदाला चार-पाच वेळा या गतीने अंग झटकतो आणि केसांतील बरेचसे पाणी काही क्षणांत उडवून टाकतो. त्यानंतर दार उघडले की बहुतेक कुत्री घरभर किंवा गच्चीभर सुसाट धावत सुटतात, अंगाने जमीन घासतात, चादरीत लोळतात. त्यांना पाच मिनिटे तसे धावू द्यावे. चादर आधीच उचलून ठेवलेली असावी.